नाराचा हेइजो राजवाडा: काहीच उरलं नाही तिथे काय बघायचं?

क्योतोहून नाराला जाणारे बहुतेक पर्यटक हरणांना बिस्किटं खाऊ घालतात, तोदाइजीतल्या महाबुद्धाचं दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. त्यांची गाडी नारा स्टेशनच्या थोडं अलीकडे एका मोठ्या मोकळ्या माळावरून जाते. एका बाजूला दूरवर लाल खांबांची एक भव्य इमारत दिसते, दुसऱ्या बाजूला तसाच लाल दरवाजा, मध्ये नुसतं गवत. अर्ध्या-एक मिनिटात ते सगळं मागे पडतं. त्या अर्ध्या-एक मिनिटात आपण आठव्या शतकातल्या जपानच्या राजवाड्याच्या आतून गेलो, हे डब्यातल्या फार थोड्या लोकांना कळतं.

हा हेइजो राजवाडा. 710 साली सम्राज्ञी गेनमेइने राजधानी इथे आणली आणि 784 पर्यंत, मधली पाच वर्षं सोडली तर, जपानचा कारभार इथूनच चालला. यामातो-साइदाइजी स्टेशनवर उतरून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की आपण थेट आत पोचतो. तिकीट नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खरं सांगायचं तर हिरमुसले. ‘प्राचीन राजवाड्याचे अवशेष’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पडक्या भिंती, बुरूज, दगडी जोती येतात. शनिवारवाडा जळून दोनशे वर्षं होत आली, तरी तिथली जोती आणि कारंजी बघून वाड्याचा आकार कळतो. इथे तसं काहीच नाही. जे उभं आहे ते सगळं गेल्या तीस वर्षांतलं, आणि जे जुनं आहे ते सगळं जमिनीखाली.

मग हा राजवाडा होता हे कळलं कसं? कुठे काय होतं, खांब किती होते, कारकुनांची हजेरी कशी लागायची, हे कोण सांगतं? हे समजून गेलं तर तोच माळ बोलायला लागतो.

आधी तो गेला कुठे ते बघू. राजवाडा लाकडाचा होता, आणि लाकडाची इमारत उकलून, गाड्यांवर किंवा नावांवर लादून दुसरीकडे पुन्हा उभी करता येते. जपानमध्ये ते सर्रास चालायचं. हेइजोच्या आधी राजधानी दक्षिणेला फुजिवारा इथे होती, अवघी सोळा वर्षं. तिथला राजवाडा शहराच्या मधोमध होता. चीनमध्ये थांग घराण्याच्या चांगआन शहरात मात्र तो उत्तरेच्या टोकाला होता, म्हणजे सम्राट उत्तरेला बसून दक्षिणेकडे तोंड करून राज्य करतो. चीनला गेलेलं शिष्टमंडळ 704 साली परतलं आणि त्यानंतर लवकरच राजधानी हलवायची चर्चा सुरू झाली. नव्या शहरात राजवाडा उत्तरेलाच आला. त्याच्या समोरून दक्षिणेला सुमारे 74 मीटर रुंदीचा सुझाकु राजमार्ग काढला, जवळजवळ पावणेचार किलोमीटर लांब. फुजिवाराच्या इमारतींची कौलं आणि लाकूड नव्या जागी वापरलं गेलं.

पुढे हेइजोचंही तेच झालं. 735 ते 737 दरम्यान देवीची भयंकर साथ आली. दरबार चालवणारे फुजिवारा घराण्यातले चारही भाऊ त्यात गेले. 740 मध्ये बंड झालं. सम्राट शोमु नारा सोडून निघाला आणि पाच वर्षं या गावाहून त्या गावाला राजधानी हलवत राहिला. त्यातल्या पहिल्या मुक्कामी, कुनी इथे, त्याने हेइजोचं मुख्य दरबारगृह उकलून नेलं. या दरबारगृहाला दाइगोकुदेन म्हणतात. 745 मध्ये तो परत आला तेव्हा जुनी जागा सोडून पूर्वेला दुसरं दाइगोकुदेन बांधलं. म्हणून आज तिथे ‘पहिलं’ आणि ‘दुसरं’ अशा दोन दरबारगृहांच्या जागा दाखवतात आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. 784 मध्ये राजधानी नागाओकाला गेली आणि 794 मध्ये आजच्या क्योतोला. उरलंसुरलं लाकूड-कौलं नव्या बांधकामांना गेली. 864 सालच्या एका सरकारी नोंदीत म्हटलंय की जुन्या राजधानीचे रस्ते आता शेतं झाले आहेत. ऐंशी वर्षांत तांदूळ पिकायला लागला होता.

आता मूळ मुद्दा. लाकडाचा खांब गेला तरी त्याचा खड्डा जात नाही.

हे आपल्याकडे गावात कुणालाही पटेल. लग्नाचा किंवा जत्रेचा मांडव उतरवला की खांबांचे खड्डे मातीने बुजवतात. वरून जागा सपाट दिसते. पण खड्ड्यात परत टाकलेली माती बाजूच्या न हललेल्या मातीसारखी कधीच नसते. तिच्यात वरची काळी आणि खालची पिवळी माती कालवली जाते, ती भुसभुशीत राहते, पाणी वेगळं धरते. बाराशे वर्षं झाली तरी हा फरक टिकतो. उत्खनन करणारे वरचा शेतीचा थर काढतात आणि खालची जमीन फावड्याने अगदी पातळ, साल काढावी तशी तासत जातात. ओलसर पृष्ठभागावर मग गडद चौकोन उमटायला लागतात. एक चौकोन म्हणजे खांबासाठी खणलेला खड्डा. त्याच्या आत वेगळ्या रंगाचा एक गोल दिसला, तर तिथे प्रत्यक्ष खांब उभा होता. त्या गोलाचा व्यास म्हणजे खांबाची जाडी. आणि चौकोनाच्या कडेला ओबडधोबड डाग असला तर खांब कुजला नाही, कुणीतरी तो उपटून नेला.

असे चौकोन ओळीने, ठरावीक अंतरावर येत गेले की इमारत सापडली. त्या काळचं एक ‘शाकू’ हे माप सुमारे 29.6 सेंटिमीटरचं होतं आणि सुतार खांबांमधलं अंतर पूर्ण शाकूंत धरायचे. तीन-चार खड्डे सापडले की पुढचा कुठे असणार हे आधीच सांगता येतं, आणि तो तिथेच सापडतो.

राजवाड्याच्या ईशान्य भागात यासाठी एक प्रदर्शनगृह आहे. बाहेरून बघितलं तर साधी शेड. आत मात्र उत्खननात निघालेली खरी जमीन तशीच उघडी ठेवली आहे. मी कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत होते. सुरुवातीला नुसते खड्डेच खड्डे दिसले, कुणीतरी झाडं लावायला खणून ठेवल्यासारखे. मग लक्षात आलं की एक खड्डा दुसऱ्याला कापतोय आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्याला कापलंय. जो कापतो तो नंतरचा, जो कापला जातो तो आधीचा. इतकाच नियम. त्यावरून एकाच जागी किती वेळा बांधकाम झालं आणि कोणतं आधी, हे ठरवता येतं. पंचाहत्तर वर्षांत कचेऱ्या पाडून पुन्हा बांधल्या गेल्या, कारण जमिनीत पुरलेला खांब वीस-तीस वर्षांत बुडाशी कुजतो.

हेइजो राजवाड्यात दोन प्रकारच्या इमारती होत्या. जिथे परदेशी पाहुणे यायचे, मोठे समारंभ व्हायचे, तिथे चिनी थाट: दगडी जोतं, त्यावर पायाचे दगड, त्यावर शेंदरी रंगाचे खांब आणि वर कौलं. सम्राट राहायचा त्या भागात मात्र न रंगवलेलं लाकूड, थेट जमिनीत पुरलेले खांब आणि सालीचं छप्पर. चारचौघांत एक घर, खाजगीत दुसरं. राहत्या महालाच्या जागी आज काहीही बांधलेलं नाही. प्रत्येक खांबाच्या जागी एक झुडूप लावलंय आणि ते खांबासारखं गोल कापून ठेवलंय. मला सगळ्या राजवाड्यात ही जागा सर्वांत आवडते. त्या हिरव्या खांबांमधून चालताना दालन किती मोठं होतं ते पायांना कळतं, आणि भिंती-छपराबद्दल कुणी आपल्याला उगाच काही पटवून देत नाही.

खड्ड्यांवरून इमारती कळल्या. आत बसणारी माणसं कळली ती कचऱ्यातून.

1961 च्या जानेवारीत इथल्या एका कचऱ्याच्या खड्ड्यात शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांना मोक्कान म्हणतात. त्यातल्या एका पट्टीवर एका देवळाची मागणी होती: अझुकी, म्हणजे तांबड्या चवळीसारखं कडधान्य, शिवाय आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा, शिरका वगैरे. थोडक्यात, वाण्याची यादी. तेव्हापासून राजवाडा आणि भोवतालचं शहर मिळून दीड लाखाहून जास्त मोक्कान निघाले आहेत. कागद तेव्हाही होता, पण महाग. रोजच्या कामाला लाकडाची पट्टी. शिवाय ती पुन्हा वापरता यायची. आपण पाटी पुसतो तसा कारकून सुरीने वरचा पापुद्रा तासून काढायचा आणि खाली कोरी पाटी तयार. त्यामुळे कारकुनाच्या हाताशी कुंचल्याबरोबर सुरी असायचीच. सापडलेल्या मोक्कानांपैकी बहुतेक म्हणजे हे तासलेले पातळ पापुद्रे आहेत, एखाददुसरं अक्षर असलेले.

पूर्ण पट्ट्यांमध्ये करमालाला बांधलेल्या चिठ्ठ्या पुष्कळ आहेत. दोरी बसावी म्हणून टोकाला दोन्हीकडून खाच पाडलेली, आणि वर लिहिलेलं: अमुक प्रांत, अमुक तालुका, अमुक गाव, अमुक माणूस, मीठ इतकं, तारीख ही. वाकासाचं मीठ, ओकी बेटांवरचं समुद्री शेवाळ, आवाच्या किनाऱ्यावरचे अबालोन शिंपले. ती चिठ्ठी गोणीबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करून आली, कोठारात माल मोजला गेला आणि चिठ्ठी कचऱ्यात गेली. राजाच्या अधिकृत इतिहासग्रंथात जे नाव कधीच आलं नसतं, ते एका कोळ्याचं किंवा मिठागरवाल्याचं नाव अशा चिठ्ठीवर आजही वाचता येतं.

दुसरा गठ्ठा नोकरशाहीचा. कनिष्ठ अधिकाऱ्याचं नाव, दर्जा, वर्षात किती दिवस कामावर हजर होता आणि त्याला शेरा काय मिळाला, हे सगळं एका पट्टीवर. पट्टीच्या कडेला आरपार भोक, म्हणजे सगळ्या पट्ट्या दोरीत ओवून दर्जाप्रमाणे क्रम लावता येतो. पुढच्या वर्षी तासून नवा शेरा. हे वाचल्यावर सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही बाराशे वर्षांचं अंतर जाणवणार नाही. एका तुकड्यावर तर पाढे लिहिलेले सापडले आहेत.

1966 मध्ये निघालेली एक पट्टी बराच काळ नीट वाचता येत नव्हती. अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने शाई पुन्हा दिसते, कारण शाई काजळीची असते आणि लाकूड काळवंडलं तरी काजळी त्या किरणांत वेगळी उठून दिसते. 2016 मध्ये त्या पट्टीवरचं नाव जाहीर झालं: हाशि नो कियोमिची. ‘हाशि’ म्हणजे पर्शिया. 765 साली, अधिकाऱ्यांना शिक्षण देणाऱ्या सरकारी विद्यालयात, एक इराणी वंशाचा माणूस नोकरीला होता आणि ही त्याच्या रात्रपाळीची नोंद होती.

इतकं लाकूड टिकलं कसं, जिथे खांब वीस वर्षांत कुजायचे? याचं उत्तर पाण्यात आहे. जमिनीच्या पृष्ठभागाशी लाकडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून बुरशी लागते. खोल खड्ड्यात भूजलाखाली मात्र हवा पोचत नाही. बुरशी आणि कीड जगत नाही. पट्टी पाण्याने फुगलेली, मऊ, पण शाबूत राहते. बाहेर काढून नुसती वाळवली तर काही वेळात आक्रसते, वळते आणि अक्षरं जातात. म्हणून काढल्या काढल्या ती पाण्यातच ठेवतात, आणि मग सावकाश लाकडातल्या पाण्याची जागा मेणासारख्या रसायनाने भरतात.

म्हणजे या माळाखालचं पाणी हाच राजवाड्याचा दफ्तरखाना आहे. भूजल खाली गेलं तर अजून न खणलेल्या जमिनीतल्या चिठ्ठ्या कुणीही न वाचता कुजून जातील. राजवाड्याचा निम्म्याहूनही कमी भाग आजवर खणला गेला आहे आणि खणलेला भागही तपासून झाल्यावर वाळू-माती घालून पुन्हा बुजवला आहे. पर्यटकाला ते विचित्र वाटतं, पण सर्वांत सुरक्षित कपाट तेच. तिथे जे उंच वेळूसारखं गवत माजलेलं दिसतं तेही ओल्या जमिनीमुळेच. उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळी हजारो भिंगऱ्या दक्षिणेला जाण्याआधी त्या गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्या गवतात राजवाड्याचा कोपरा झाकला गेलाय म्हणून कुणी तक्रार केली, तर मला ती पटणार नाही.

आता हा माळ वाचला कसा, ती गोष्ट सांगायलाच हवी. गावकरी शेतातल्या एका गवताळ उंचवट्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘दाइकोकुचं गवत’ म्हणत. दाइकोकु हा जपानच्या सात भाग्यदेवतांपैकी एक, आणि मूळचा आपला महाकाल. पण त्या उंचवट्याशी त्या देवाचा काही संबंध नव्हता. ‘दाइगोकुदेन’ या शब्दाचा अर्थ विसरला गेला आणि जिभेवर ओळखीच्या देवाचं नाव बसलं. दरबारगृहाची आठवण हजार वर्षं एका शेताच्या नावात राहिली. 1852 मध्ये कितौरा सादामासा नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याने पायी मोजून जुन्या राजधानीचा नकाशा काढला होता. 1900 च्या सुमारास वास्तू-इतिहासकार सेकिनो तादाशी यांनी तो उंचवटा म्हणजेच दरबारगृह हे ओळखलं.

मग आले तानादा काजुरो. नारातले झाडं-रोपं विकणारे माळी. राजाचं आसन होतं त्या जागेवर शेणखताचे ढीग बघून त्यांना राहवेना. धंदा बाजूला ठेवून ते वर्षानुवर्षं दारोदार फिरले, देणग्या मागितल्या, जमीन मिळवण्यासाठी मंडळ उभं केलं. त्या जमीन खरेदीत पुढे घोटाळे झाले आणि त्याची जबाबदारी स्वतःवर घेऊन 1921 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, 1922 मध्ये, सरकारने ही जागा ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली. राजवाड्याच्या मुख्य, म्हणजे सुझाकु दरवाजाजवळ त्यांचा पुतळा आहे. फोटो काढणारे लोक बहुतेक वेळा त्याच्याकडे पाठ करून दरवाजाचा फोटो काढतात. तुम्ही गेलात तर दोन मिनिटं तिथे थांबा.

पण एवढ्यावर निभावलं नव्हतं. लोहमार्ग 1914 मध्येच राजवाड्यातून गेला होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम भागात गाड्यांच्या दुरुस्तीचं मोठं आवार बांधायचं ठरलं. देशभर विरोध झाला आणि सरकारने जमीन विकत घेतली. त्यानंतर पूर्वेकडून महामार्ग जाणार होता. आधी उत्खनन केलं तर तिथे राजवाडाच पुढे सरकलेला निघाला. चौरस वाटणारा राजवाडा पूर्वेला बाहेर आलेला होता, त्यात तळं, खडकांची मांडणी, वळणदार किनारे असलेली एक बाग होती. महामार्ग वळवला गेला. बाहेर शहरात मात्र सगळीकडे यश आलं नाही. राजवाड्याच्या आग्नेयेला, 1988-89 मध्ये, राजपुत्र नागाया यांचा वाडा सापडला. सुमारे 35,000 मोक्कान निघाले: पाळलेल्या क्रौंचांना आणि कुत्र्यांना किती भात दिला, दूध कुणी आणलं, इथपर्यंत. तरीही त्या जागेवर ठरल्याप्रमाणे डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं, आणि अकरा वर्षांत बंद पडलं. चिठ्ठ्या वाचल्या, वाडा गेला. मला अजून वाईट वाटतं.

राहिला प्रश्न त्या नव्या लाल इमारतींचा. सुझाकु दरवाजा 1998 मध्ये पुन्हा बांधला, पहिलं दाइगोकुदेन 2010 मध्ये, राजधानीला 1300 वर्षं झाली तेव्हा, आणि त्याच्या समोरचा दक्षिण दरवाजा 2022 मध्ये. दाइगोकुदेन सुमारे 44 मीटर रुंद आणि 27 मीटर उंच आहे, 44 खांबांचं. खणल्यावर मिळतो तो फार तर पायाचा आकार. तोही इथे धड नव्हता. मग तो सापडला कुनीला, जिथे शोमुने इमारत उकलून नेली होती. तिथल्या जोत्यावरून मापं घेतली. खांबांवरचे आधार, छपराचा उतार यासाठी होर्युजी आणि याकुशिजी या देवळांतल्या त्या काळच्या उभ्या इमारती बघितल्या. पुढच्या काळातल्या क्योतोच्या दरबारगृहाचं जे चित्र गुंडाळीवर आहे, तेही उपयोगी पडलं. म्हणजे मापं पुराव्याची, वरचा सगळा भाग जाणकारांच्या अंदाजाचा. कुणाला हा खर्च वाया वाटतो. मला वाटतं, त्या जोत्यावर उभं राहून दक्षिणेला बघितल्याशिवाय राजाला दक्षिणाभिमुख का बसवलं हे नीट कळत नाही: समोर मैदान, त्यापलीकडे दरवाजा, आणि त्यामागे एकेकाळचा सरळसोट राजमार्ग. पण आधी झुडपांचे खांब बघा, मग हे बघा. क्रम उलटा झाला तर लाल रंगच डोळ्यांत राहतो.

आपल्या वाचकांसाठी अजून एक. 736 मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू चीनमार्गे जपानला पोचला आणि या राजधानीत राहिला. 752 मध्ये महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तेव्हा मूर्तीच्या बुबुळांना रंग लावणारा कुंचला त्याच्या हातात होता. कुंचल्याला बांधलेल्या लांब दोऱ्या खाली जमलेल्यांनी धरल्या होत्या, पुण्य सगळ्यांना मिळावं म्हणून.

वेळ असेल तर शेवटी तोशोदाइजी देवळात जा. हेइजो राजवाड्याची एकच खरी इमारत आज उभी आहे आणि ती राजवाड्यात नाही, इथे आहे. समारंभाच्या आधी अधिकारी जिथे जमून वाट बघायचे ते पूर्वेकडचं सभागृह 760 च्या सुमारास या देवळाला मिळालं. चीनहून आलेल्या गानजिन भिक्षूंच्या देवळाचं ते व्याख्यानगृह झालं. छपराचा आकार पुढे बदलला, दुरुस्त्या झाल्या, आत आता मैत्रेय बुद्ध बसले आहेत. बाहेर गर्दी पुढच्या मुख्य मंदिरापाशी असते. मागे या सभागृहात मी गेले तेव्हा जेमतेम दोघं-तिघं होते. आत जाऊन वर तुळयांकडे बघा. याच सभागृहात हजेरीच्या पट्टीवर ज्यांचे दिवस मोजले जायचे ती माणसं, हातात दरबारी मानाची फळी धरून, आत बोलावणं येण्याची वाट बघत उभी असायची.